सिस्टरनी खरी वेळ लिहिली, आपण काय लिहिलं?



दरवर्षी १२ मे हा दिवस परिचारिका दिन म्हणून पाळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. यंदा त्या आठवड्यातल्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर आम्ही गटातल्या बायांना एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या बाळंतपणाच्या वेळी ज्या सिस्टर तुमच्या उशाशी होत्या, त्यांचं नाव कुणाला आठवतं? सतरा जणी बसल्या होत्या. बाळाचं वजन सगळ्यांना आठवत होतं. पाऊस होता की ऊन, कुणाच्या गाडीतून गेलो, मुलगी झाली म्हटल्यावर सासूबाई काय म्हणाल्या, तेही आठवत होतं. सिस्टरचं नाव दोघींनाच आठवलं. त्यातल्या एकीला का आठवलं, तर त्या सिस्टरनी तिला चापट मारली होती म्हणून.

आपण त्यांना सिस्टर म्हणतो. म्हणजे बहीणच. पण त्या बहिणीचं नाव आपण विचारत नाही, आणि तिच्यावर काही बेतलं तर आपण कुठं असतो, हेही स्वतःला विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. दवाखान्यातल्या परिचारिकांचं नैतिक धैर्य, असा विषय आम्हाला दिला आहे. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. काय बरोबर आहे ते आपल्याला कळतं. तसं वागलं तर नुकसान होणार, हेही कळतं. तरी तसंच वागायचं, याला नैतिक धैर्य म्हणायचं.

पहिल्यांदा आमच्याच भागातली गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही. काही वर्षांपूर्वीचा पावसाळा. आमच्या एका गटातल्या ताईंची सून पहिलटकरीण होती, नववा महिना. दिवसभर डोकं दुखतंय म्हणत होती. पायांवर सूज होती. घरात सगळ्यांनी म्हटलं, पित्त झालं असेल. संध्याकाळी डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, तेव्हा तिला जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. सोबत सासूबाई, गटाच्या सचिव ताई आणि एक शेजारीण.

साडेनऊच्या आत ते पोचले. ड्यूटीवर एकच सिस्टर होत्या आणि सफाईच्या एक मावशी. सिस्टरनी बीपी बघितलं, लघवी तपासली आणि त्यांचा चेहराच बदलला. मैत्रिणींनो, गरोदरपणात बीपी फार वाढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, डोकं ठणकायला लागलं आणि नजर धूसर झाली, की कधीही झटके येऊ शकतात. त्यात आईही जाते आणि बाळही जातं. सिस्टरनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, येतो. अर्ध्या तासानं परत फोन लावला. येतोय. नंतर फोन लागेना.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ते डॉक्टर वाईट होते, असं आम्ही म्हणत नाही. जागा रिकाम्या होत्या, दोघांचं काम ते एकटे बघत होते, आणि त्या दिवशी सकाळपासून ते दुसरीकडं शिबिराला गेले होते. पण पोरीच्या जिवाला हे सांगून काय उपयोग?

सिस्टरनी वाट बघणं थांबवलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट नावाचं इंजेक्शन देतात. त्याचा पहिला डोस द्यायचा आणि बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. त्यांनी तो डोस दिला. १०८ ला फोन करून गाडी मागवली. जिल्हा रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी स्वतःच्या सहीनं लिहिली. आणि केसपेपरवर सगळ्या वेळा लिहिल्या. पेशंट किती वाजता आली, बीपी किती होतं, डॉक्टरांना फोन कधी कधी केला, इंजेक्शन कधी दिलं, गाडी कधी सुटली, सगळं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात रात्रीच सिझेरियन झालं. बाळ वाचलं नाही. पोर पाच दिवस अतिदक्षता विभागात होती, पण वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाई सासूबाईंना म्हणाल्या, ते पहिलं इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून हिच्याबद्दल आपण बोलतोय तरी.

खरी गोष्ट तिसऱ्या दिवशी सुरू झाली. बाळ गेलं म्हणजे चौकशी होणार. सिस्टरना ऑफिसमध्ये बोलावलं आणि सांगितलं, केसपेपर नवीन करा. पेशंट पावणेअकराला आली असं लिहा. म्हणजे आली आणि लगेच पुढं पाठवली, असं दिसेल. कुणावरच बालंट येणार नाही, तुमच्यावरही नाही. चहा घेऊन गेलेल्या मावशी तिथंच उभ्या होत्या, त्यांनी हे आम्हाला नंतर सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "लिहिलेलं मी खोडणार नाही. खोडायचं असेल तर तुम्ही खोडा आणि बाजूला तुमची सही करा." सही कुणीच केली नाही.

त्या सिस्टर कायम नोकरीत नव्हत्या. अकरा महिन्यांचा करार. दोन पोरं, भाड्याची खोली. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं, असं नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, परिचारिकेचं काम म्हणजे सांगितलेलं करायचं. तसं नाही. औषध देताना त्यांना पाच गोष्टी तपासायला शिकवतात. माणूस तोच आहे ना, औषध तेच आहे ना, मात्रा बरोबर आहे ना, वेळ झाली आहे ना, आणि कुठून द्यायचं, तोंडातून की शिरेतून. डॉक्टरांनी चुकून मात्रा जास्त लिहिली तर "सर, हे एकदा बघता का?" असं विचारणं सिस्टरचं कामच आहे. आता विचार करा, ज्यांच्या हातात आपला करार आहे, रजा आहे, बदली आहे, त्यांना रात्री दोन वाजता "हे चुकलंय" म्हणायचं. आपल्याला सरपंचांसमोर ग्रामसभेत उठून उभं राहताना पोटात कसं होतं, ते आठवा. त्यांच्या पोटात तसं प्रत्येक पाळीला होत असेल.

आणि ती चापट मारणारी सिस्टर? तिच्याबद्दलही बोललं पाहिजे. लेबर रूममध्ये शिव्या ऐकलेल्या, मार खाल्लेल्या बाया आपल्यात आहेत, हे आम्हाला माहीत आहे. सगळ्या परिचारिका देवी आहेत, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. पण त्याच बैठकीत आमच्या एका ताई म्हणाल्या, माझ्या वेळी एकीनं हात उचलला, तेव्हा दुसऱ्या तरुण सिस्टरनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बाहेर बसा, मी बघते." आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईचा हात धरणं सोपं नाही. तेही नैतिक धैर्यच. त्याची बातमी होत नाही, एवढंच.

बातमी झालेली, सगळ्या देशाला माहीत असलेली एक गोष्ट मुंबईची आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा दहशतवादी कामा रुग्णालयातही शिरले. हे बायांचं आणि लेकरांचं रुग्णालय. अंजली कुलथे नावाच्या परिचारिका गरोदर बायांच्या वॉर्डात रात्रपाळीला होत्या. वॉर्डात वीस जणी. गोळ्यांचा आवाज जवळ आला, तशी त्यांनी दारं लावून घेतली आणि वीसही जणींना वॉर्डच्या टोकाला असलेल्या पॅन्ट्रीच्या खोलीत नेलं. त्यातल्या एकीला त्या गडबडीतच कळा सुरू झाल्या. तर तिला भिंतीच्या आधारानं प्रसूतीच्या खोलीपर्यंत नेलं. बाहेर गोळीबार चालू असताना ती बाळंत झाली.

हे झालं रात्रीचं धाडस. पण पुढं काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. पकडलेल्या कसाबला ओळखायचं होतं आणि कोर्टात साक्ष द्यायची होती. म्हणजे ज्यानं माणसं मारली, त्याच्यासमोर उभं राहून "हाच तो" असं म्हणायचं. अंजलीताईंनी त्याला ओळखलं. साक्षीला जाताना आपला परिचारिकेचा गणवेश घालून येऊ द्या, अशी परवानगी त्यांनी मागितली. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं त्यांनी त्या रात्रीची हकीकत सगळ्या जगाला सांगितली.

आम्हाला यात दोन वेगळी धाडसं दिसतात. एक रात्रीचं. तेव्हा विचार करायला वेळ नसतो, समोर बाई तळमळत असते, हात आपोआप चालतात. दुसरं नंतरचं. तेव्हा रात्र सरलेली असते, भरपूर वेळ असतो, घरातले सांगत असतात, कशाला पडतेस यात? रात्री न घाबरलेली माणसंही या वेळी मागं सरतात. आमच्या सिस्टरनी रात्री इंजेक्शन दिलं ते पहिलं धाडस, आणि तिसऱ्या दिवशी वेळ खोडली नाही ते दुसरं.

आता केईएमची गोष्ट. मुंबईत परळला महापालिकेचं केईएम रुग्णालय आहे. तिथं अरुणा शानबाग नावाच्या परिचारिका होत्या. कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. वय पंचवीस, लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ ला काम संपवून घरी निघताना तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याला आवळली, अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत, बोलल्या नाहीत.

इथं एक गोष्ट नीट ऐका. पोरीची बदनामी होईल, या विचारानं तक्रारीत लैंगिक अत्याचार लिहिलाच गेला नाही. जिवे मारण्याचा प्रयत्न आणि जबरी चोरी, एवढ्यावर त्या माणसाला सात वर्षांची शिक्षा झाली. सात वर्षांनी तो सुटला. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण जे कागदावर आलं नाही, त्याची शिक्षाही झाली नाही. खरी वेळ, खरं कारण, खरा गुन्हा लिहिणं किती महत्त्वाचं असतं, ते यावरून कळतं.

तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाताईंची नीट व्यवस्था करा आणि आम्हालाही सुरक्षितपणे काम करता येईल असं बघा, ही त्यांची मागणी होती. पण संप काही दिवसांचा असतो. पुढं जे झालं ते जवळजवळ ४२ वर्षं चाललं. चार नंबरच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत केईएमच्या परिचारिकांनी अरुणाताईंना सांभाळलं. अंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं, अन्न मऊ करून भरवायचं, केस विंचरायचे. तुमच्यातल्या ज्यांनी घरात पडून असलेली सासू किंवा आई सांभाळली आहे, त्यांना माहीत आहे की पंधरा दिवस दुर्लक्ष झालं तरी पाठीला जखमा होतात. सर्वोच्च न्यायालयानं आपल्या निकालात मुद्दाम लिहिलं आहे, की इतक्या वर्षांत अरुणाताईंना अंथरुणाला खिळल्याची जखम होऊ दिली नाही. मेडल देऊन जे सांगता आलं नसतं, ते या एका वाक्यात आहे.

१९८० च्या दशकात त्यांना तिथून हलवून खाट मोकळी करायचा प्रयत्न झाला. महापालिका म्हणजे नोकरी देणारी, पगार देणारी. पण परिचारिका तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. ही आमची आहे, ही इथंच राहील. महापालिकेला माघार घ्यावी लागली.

पुढं अरुणाताईंना आणखी यातना नकोत, त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, अशी मागणी लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. त्यांच्या मागणीमागंही कळवळाच होता, हे विसरू नका. या प्रश्नावर चांगल्या माणसांची मतं वेगळी असू शकतात. आपल्या घरातही असतात. पण केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही सांभाळतोय, आम्हाला ओझं झालेलं नाही. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. न्यायालयानं ती मागणी मान्य केली नाही, आणि अरुणाताईंच्या वतीनं ठरवायचा अधिकार इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या माणसांचा मानला. आपल्या देशात बरा न होणाऱ्या माणसाचे उपचार कधी थांबवता येतील, याचे नियम पहिल्यांदा याच निकालात घालून दिले गेले. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं अरुणाताई गेल्या. शेवटच्या प्रवासातही परिचारिका सोबत होत्या.

मैत्रिणींनो, १९७३ साली ज्यांनी अरुणाताईंना पहिल्यांदा अंघोळ घातली, त्या २०१५ पर्यंत नोकरीत नव्हत्या. शेवटी शेवटी ज्या भरवत होत्या, त्यातल्या कित्येकींचा १९७३ साली जन्मही झालेला नव्हता. त्यांनी अरुणाताईंना चालता-बोलताना पाहिलं नव्हतं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. म्हणून ते टिकलं. एकटी परिचारिका ४२ वर्षं सोडा, ४२ दिवससुद्धा महापालिकेपुढं उभी राहू शकली नसती. एकटीचा आवाज थरथरतो. दहा जणींचा थरथरत नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बँकेच्या दारात एकटी गेलो तर शिपाई आत सोडत नव्हता, गट म्हणून गेलो तर साहेबांनी खुर्च्या मागवल्या. ते दिवस आपण विसरलेलो नाही.

आणि म्हणूनच आमच्या गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग सांगायला जड जातं. पण सांगायचा आहे.

त्या सिस्टरनी वेळ खोडली नाही. मग गावात बोलणं पसरलं, की सिस्टर झोपल्या होत्या, त्यांनीच उशीर केला. कुणी पसरवलं ते माहीत नाही. घरातल्या पुरुषांनी त्यावर विश्वास ठेवला आणि दवाखान्यात जाऊन त्यांना वाटेल तसं बोलून आले. त्या गप्प ऐकत राहिल्या.

चौकशीला अधिकारी आले. त्या रात्री तुमच्या सोबत कोण होतं, असं त्यांनी विचारलं. आमच्या सचिव ताई होत्या. शेजारीण होती. दोघींनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. सिस्टर फोन लावत होत्या, लागत नव्हता म्हणून व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या. सचिव ताईंनी दवाखान्यात पोचल्या पोचल्या घरी फोन केला होता. त्यांच्या मोबाईलमध्ये वेळ होती, नऊ वाजून एकतीस मिनिटं. ती वेळ दाखवली असती तरी पुरलं असतं.

आदल्या संध्याकाळी बैठक झाली होती. कुणी म्हणालं, उद्या परत त्याच दवाखान्यात जायचं आहे आपल्याला, डॉक्टरांशी वैर कशाला? कुणी म्हणालं, आमचे मालक म्हणतात, बायांनी सह्या करू नका. आणि आम्ही, ज्यांनी गावोगाव फिरून "न घाबरता बोला" असं शिकवलं, त्या आम्ही सहयोगिनी काय म्हणालो? आम्ही म्हणालो, गटाला वादात ओढू नका, कर्जाचा प्रस्ताव बँकेत आहे. इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवशीची नोंद आजही आहे. "दवाखान्याच्या विषयावर चर्चा झाली. विषय पुढील बैठकीत घेण्याचे ठरले." पुढच्या बैठकीत तो विषय आलाच नाही.

अधिकाऱ्यांना सांगितलं गेलं, वेळ आठवत नाही, घड्याळ नव्हतं.

दोन महिन्यांनी सिस्टरचा करार संपला. पुढं वाढवला नाही. कागदावर कारण काही नव्हतं. त्या जाणार म्हटल्यावर आम्ही चार जणी नारळ आणि खण घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. सामान बांधून झालं होतं. त्यांनी ओटी भरून घेतली, चहा केला. एका शब्दानं काही म्हणाल्या नाहीत. निघताना एवढंच विचारलं, "तिचं बीपी तपासताय ना दर महिन्याला? पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून मोठ्या डॉक्टरांना दाखवा." आम्ही हो म्हणालो. येताना रस्त्यात कुणीच बोललं नाही.

ज्यांनी आपल्याला विचारावं असा प्रश्न सिस्टरनी विचारला नाही, तो सहा महिन्यांनी त्या सुनेनंच विचारला. ती बरी होऊन पहिल्यांदाच बैठकीला आली होती. म्हणाली, "त्या माझ्यासाठी खरं बोलल्या. तुम्ही का नाही बोललात?" सासूबाई खाली बघत होत्या. आम्हीही.

त्या दिवशी ती वही पुन्हा उघडली. सचिव ताईंनी जबाब लिहिला. किती वाजता पोचलो, सिस्टरनी काय काय केलं, आम्ही काय बघितलं, आणि चौकशीत आम्ही खरं सांगितलं नाही, हेही लिहिलं. घरातून विरोध असूनही अकरा जणींनी सह्या केल्या, आमच्याही सह्या आहेत. रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोच आली. पुढं काय झालं ते कळलं नाही. सिस्टरची नोकरी परत मिळाली नाही. त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात एका खाजगी दवाखान्यात आहेत. त्या पत्राची प्रत त्यांना पाठवली. त्यांनी ती जपून ठेवली आहे, असं फोनवर म्हणाल्या.

उशिरानं लिहिलेलं खरं, वेळेवर लिहिलेल्या खऱ्याची जागा घेत नाही. हे आम्ही शिकलो. पण न लिहिण्यापेक्षा ते बरं.

यातून आमच्या गटांनी काही सवयी लावून घेतल्या आहेत. तुम्हीही विचार करा. कुणालाही बाळंतपणासाठी नेताना सोबतच्या बाईनं वही आणि पेन न्यायचं. किती वाजता पोचलो, कुणी तपासलं, काय सांगितलं, ते लिहायचं. भांडायसाठी नव्हे. खरं बोलणाऱ्याला पुढं आधार हवा म्हणून. सिस्टरचं नाव विचारायचं. काम चांगलं झालं तर त्याच आठवड्यात चार ओळींचं पत्र दवाखान्याच्या प्रमुखांना द्यायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. परिचारिकेविरुद्धच्या तक्रारी फाईलमध्ये असतात, तिच्या बाजूनं एक कागद नसतो. तो आपण घालायचा.

काम वाईट झालं, अपमान झाला, हात उचलला गेला, तर तेही लिहूनच द्यायचं. आरडाओरडा नाही, दगडफेक नाही, अंगावर धावून जाणं तर नाहीच. आपण धावून जातो ते बहुतेक वेळा समोर दिसणाऱ्या सिस्टरवर. रिकाम्या जागा भरणारे तिथं नसतात.

गावातली आरोग्य समिती आणि दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती कागदावर सगळीकडं आहे. त्यात आपली बाई बसली पाहिजे, आणि बसली तर बोलली पाहिजे. रात्री एकच सिस्टर का, हा प्रश्न तिथं विचारायचा आहे. सिस्टर स्वतः तो विचारू शकत नाहीत, आपण विचारू शकतो.

आणि एक घरातलं. गरोदर बाईचं डोकं सारखं दुखत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, हातापायांना आणि तोंडावर सूज असेल, पोटात वरच्या बाजूला दुखत असेल, तर पित्त म्हणून घरी थांबू नका. त्याच तासाला दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. त्या दिवशी आपण दुपारीच निघालो असतो, तर सिस्टरवर तो प्रसंगही आला नसता, आणि कदाचित बाळही आज पाच-सहा वर्षांचं असतं. उशीर फक्त दवाखान्यात झाला नव्हता. घरातही झाला होता. आम्ही जबाबात तेही लिहिलं आहे.

ती सून पुन्हा आई झाली. पहिल्या महिन्यापासून मोठ्या दवाखान्यात दाखवलं, बीपी वेळोवेळी तपासलं. मुलगी झाली. कळा सुरू झाल्यापासून सचिव ताई वही घेऊन सोबत होत्या. वहीत पहिल्याच ओळीत वेळ आहे आणि दुसऱ्या ओळीत ड्यूटीवरच्या सिस्टरचं नाव.

येत्या बैठकीत तुम्ही सगळ्या आपापसांत एक प्रश्न विचारा. आपल्या दवाखान्यातल्या सिस्टरचं नाव काय? माहीत नसेल तर विचारून या आणि पुढच्या बैठकीत सांगा.

नमस्कार.